रिव्हर्सला आवाज येत नाही

३ जून

चि. पान्या,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. मी सरळ मुद्द्यावर येतो. जीप आवाज करायला लागली आहे.

तू म्हणशील, मामा, ती जीप आवाज करत नव्हती कधी? खरं आहे. आमच्या मोजणी खात्यानं ती निकालात काढली आणि मी घरी आणली तेव्हापासून दारं खडखडतात, टप फडफडतो आणि वायपर लावला की हॉर्न वाजतो. पण ते सगळे घरचे आवाज. हा परका आहे. मागून येतो, दोन चाकांच्या मधून, आणि घुमतो. घूंऽऽऽ असा. आजारी माणूस तोंड मिटून कण्हतो ना, तसा. गेलं वर्षभर मी त्याच्यावर कान ठेवून आहे.

आवाजाचं मला तसं काही नाही. पण तुझी मामी गाडीत बसेनाशी झाली आहे. गेल्या महिन्यात तिच्या बहिणीकडे निघालो होतो. घाटाच्या पहिल्या वळणावर तिनं गाडी थांबवायला लावली, खाली उतरली, माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "हा आवाज आहे तोवर मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही." मागून बस आली. तिनं हात केला आणि गेली.

लग्न झाल्यापासून दर आठवड्याला आम्ही दोघं त्या रस्त्यानं खाली जातो. आता ती बसनं जाते आणि मी बसच्या मागून रिकामी सीट घेऊन जातो. तिला शेवटच्या बाकावर जागा मिळते, पण ती मागे वळून बघत नाही. कंडक्टर बघतो. हल्ली तो मला हातही करतो. मला त्याचा हात नको आहे, मला शेजारी तुझी मामी हवी आहे. हे मी कुणाला सांगत नाही, तुला सांगतो.

इथल्या गॅरेजवाल्याला तू ओळखतोसच. गाडीला आग लागली तरी "होईल" म्हणणारा, म्हणून सगळे त्याला होईलदादाच म्हणतात. त्यानं मागचं चाक एकदा लाथेनं हलवून पाहिलं आणि म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब, होईल बंद." तू एवढ्या मोठ्या वर्कशॉपात ट्रकांची पोटं उघडतोस. मामाच्या जीपचं काय ते बघ.

फोन करू नकोस. इथल्या लायनीत हल्ली दम राहिलेला नाही. पत्रच लिही.

तुझा,
मामा

११ जून

ती. मामांना,

नमस्कार, आणि मामीला तुमच्याही आधी.

मामा, घूं म्हणजे काहीही असू शकतं. टायर, बेअरिंग, नाहीतर मागच्या चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शियल. खोलायच्या आधी खालच्या गोष्टी करून बघा आणि जे दिसेल ते लिहा. जे वाटेल ते लिहू नका.

पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घाला. आवाज पुढे गेला तर दोष टायरचा. गोळ्यातलं तेल बघा. त्यात चमकणारी पूड असेल तर कागदावर घेऊन ठेवा. मग सरळ रस्त्यावर वेग किती झाला की आवाज सुरू होतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की काय होतं ते बघा. मोकळ्या मैदानात गाडी या वळणाला आणि त्या वळणाला झोकून बघा. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर एका वळणाला आवाज वाढेल.

शेवटची चाचणी महत्त्वाची. त्याच मैदानात गाडी थोडी रिव्हर्समध्ये पळवा. गोळ्यात क्राउन नावाचं मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन असतो. पुढे जाताना त्यांच्या दातांची एक बाजू घासते, मागे येताना दुसरी. पुढे आवाज आणि मागे शांत, असं असेल तर झिजलेली बाजू सापडली असं समजा.

मामीला सांगा, होईल सगळं. म्हणजे होईलदादासारखं नव्हे, खरंच.

तुमचा,
पान्या

२६ जून

चि. पान्या,

शाबास! अरे, तू मामाचं नाव काढलंस. काम फत्ते झालं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. टायर बदलले, आवाज जागचा हलला नाही. तेलात पूड आहे. कागदावर घेतली तर तुझी मामी म्हणाली, चांदीचं काही विरघळलं की काय. विसाच्या पुढे आवाज सुरू होतो, पाय काढला की गप्प. दोन्ही वळणांना सारखाच. आणि मग, शाळेच्या मागच्या मैदानात, मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली.

पान्या, शांतता! नुसती शांतता. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, घूं नाही, काही नाही. मी तसाच मैदानातून बाहेर पडलो, तसाच बाजारातून निघालो आणि तसाच घरी आलो. दारात येऊन म्हटलं, "अगं, आवाज गेला. बस." ती म्हणाली, "गाडीचं तोंड तिकडे का आहे?" मी म्हटलं, "तुझा शब्द आवाजाबद्दल होता, तोंडाबद्दल नव्हता." तुझी मामी शब्दाची पक्की. पदर खोचला आणि बसली.

तेव्हापासून आम्ही सगळीकडे रिव्हर्समध्ये जातो. घाटातसुद्धा. तोंडं चढाकडे आणि आम्ही चाललो आहोत उताराला. मागून बस येते, तिचं तोंड आणि आमचं तोंड समोरासमोर, त्यामुळे ड्रायव्हरची आणि आमची छान ओळख झाली आहे. पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही हात जोडले. नमस्कार केला की विनवणी, ते कळलं नाही.

गावात एकेरी रस्ता आहे. त्यात मी उलट बाजूनं शिरलो. चौकातल्या पोलिसानं शिट्टी मारली, पुढे आला, गाडीभोवती फिरला आणि विचारात पडला. गाडीचं तोंड तर नियमाप्रमाणे बरोबर दिशेला होतं. शेवटी म्हणाला, "काका, पावती फाडायची तर कशाची फाडू ते तरी सांगा." मी म्हटलं, विचार करून ठेव, आम्ही परत येताना थांबतो. परत येताना आम्हाला पाहून तो पानाच्या ठेल्यामागे गेला.

मानेत जरा उसण भरली आहे, पण ती किरकोळ गोष्ट. तुझी मामी माझ्या शेजारी बसते. तुझे उपकार कसे फेडू?

तुझा सुखी,
मामा

४ जुलै

ती. मामांना,

नमस्कार कसला करतो, हातच जोडतो. त्या बसड्रायव्हरनं जोडले तसेच.

मामा, ती चाचणी होती! डॉक्टरनं "जीभ दाखवा" म्हटलं म्हणून माणूस आयुष्यभर जीभ बाहेर काढून हिंडत नाही. क्राउन-पिनियनची पुढची बाजू झिजली आहे, एवढंच त्यातून कळलं. झीज तिथेच आहे. तुम्ही फक्त तिच्याकडे पाठ केली आहे.

रिव्हर्स गिअर घाट उतरायला केलेला नसतो. इंजिनला समोरून वारा लागत नाही, तापेल. तेलात पूड आहे म्हणजे दात खिरताहेत. एखादा दात तुटून मध्ये अडकला तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम होतील. उतारावर, कड्याच्या बाजूला, मामी शेजारी असताना. 

मी क्राउन-पिनियनची जोडी, बेअरिंगं आणि दातांमधलं अंतर जुळवायला पातळ पत्र्याच्या चकत्या पाठवतो आहे. सोबत होईलदादासाठी चित्रांसकट सगळं लिहून देतो. तोवर गाडी उभी ठेवा. तोंड कुठेही असलं तरी.

तुमचा काळजीत,
पान्या

९ जुलै

पान्या,

मी मामी. हे पत्र तुझ्या मामांना कळता कामा नये. बसच्या कंडक्टरच्या हाती टाकायला देते आहे, तो आपला माणूस आहे.

ते सामान पाठवू नकोस.

तुला वाटेल मामीचं डोकं फिरलं. ऐकून तर घे. वर्षभर मी त्या गाडीत बसत होते आणि वर्षभर मी तोंड उघडलं की तुझे मामा बोट वर करायचे. "शूऽ. ऐक. आला बघ." जणू माझ्या माहेरचं कुणी येणार होतं! बहिणीच्या गुडघ्याचं सांगायला लागले, शू. शेजारणीनं भिंत कुठे घातली ते सांगायला लागले, शू. एकदा म्हटलं, मला हल्ली फार एकटं वाटतं हो. तर म्हणतात, "हं. विसाच्या पुढे वाढतो." त्या दिवशी मी उतरले. आवाजाचं निमित्त केलं, कारण खरं सांगायला लाज वाटली. एवढा संसार झाल्यावर बाई नवऱ्याला काय सांगणार, की माझ्यापेक्षा तुम्हाला गाडीचं ढुंगण जवळचं झालं?

आणि आता हे रिव्हर्स. तू गाडीवाला आहेस, तुला कळेल. मागे जायचं म्हणजे त्यांना एक हात माझ्या सीटच्या मागे टाकावा लागतो आणि मान माझ्याकडे वळवावी लागते. पूर्ण रस्ताभर तोंड माझ्याकडे! मी बोलते आणि ते ऐकतात. नुसतं हं नाही, उत्तर देतात. परवा गुडघ्याचं सगळं सांगितलं तर म्हणाले, "मग डॉक्टर बदला म्हणावं."  वर्षाचं साठलेलं बोलते आहे रे, अजून निम्मंही संपलेलं नाही.

लोक हसतात. हसू देत. माझ्या लग्नात नवरा मुलगा माझ्याकडे इतका वेळ बघत नव्हता.

तर तू मामांना असं लिही, की नीट विचार केला आणि रिव्हर्स गाडीच्या तब्येतीला उत्तम असतं. तुझं ऐकतील.

मामी

१५ जुलै

मामी,

तुझं पत्र वाचलं आणि खाली ठेवून परत वाचलं. फार वाईट वाटलं. पण खोटं मी लिहिणार नाही. दात तुटला तर तुम्ही दोघं घाटात जाल, आणि मग कोण कुणाकडे बघतंय याला काही अर्थ राहणार नाही. सामान आजच निघालं.

तू मला जे लिहिलंस ते त्यांना सांग. बस्स. तुमच्या भांडणात मला शॉक ॲब्सॉर्बर करू नका.

मी तुझं गुपित ठेवतो. सामान कसं बसवायचं एवढंच त्यांना लिहीन.

तुझा,
पान्या

ता. क. मामी, मी यांची बायको. हे पत्र मी चिकटवते आहे म्हणून वाचलं. इकडेही तेच आहे. परवा मी रडत होते आणि हे म्हणाले, "थांब, फ्रीजचा पंखा घासतोय का?" तुम्हाला उपाय सापडला तर मलाही कळवा. आमच्याकडे रिव्हर्स घ्यायला जागा नाही.

८ ऑगस्ट

चि. पान्या,

काम झालं. यावेळी खरोखरचं.

तुझी चित्रं मी भिंतीला लावली आणि होईलदादाच्या डोक्यावर उभा राहिलो. जुना क्राउन बाहेर आला तेव्हा दातांच्या कडा अशा खाल्लेल्या होत्या की होईलदादा पहिल्यांदाच "होईल" म्हणाला नाही, "बाप रे" म्हणाला. नवी जोडी बसवली, दात कुठे टेकतात ते कळायला त्यांना रंग लावला, फिरवून बघितलं. रंग दाताच्या टोकाला उठला. खोललं. चकती वाढवली, रंग बुडाला गेला. परत खोललं. होईलदादाची बायको जेवायला बोलावून दमली. शेवटी ठसा अगदी दाताच्या मधोमध उमटला, तू काढलास तसा. आम्ही दोघं कितीतरी वेळ तो ठसा बघत बसलो. चांगली मोजणी जुळली की मला असंच व्हायचं.

गाडी पुढे चालवली. विसाच्या पुढे गेलो, चाळिसाच्या पुढे गेलो. घूं नाही. लोण्यातून सुरी जावी तशी जाते आहे. तुझ्या मामीला दारात जाऊन सांगितलं. ती आली. पण पान्या, तिचं तोंड असं उतरलं होतं की जणू तिला कुणी सासरी पाठवतंय. बसली. वाटेत काहीतरी बोलली, मी हं म्हटलं. परत काही बोलली, मी परत हं म्हटलं. पहिल्या वळणावर गाडी थांबवायला लावली, उतरली आणि बसमध्ये चढली.

आता सांग! आवाज गेला, शब्द पाळला गेला, मग ही का उतरली?

मी हार मानणारा नाही. तू शिकवलंस त्याच पद्धतीनं मी तुझ्या मामीच्या चाचण्या सुरू केल्या आहेत. जे दिसतं ते लिहितो, वाटतं ते नाही. गावातल्या गावात ती अजून बसते, तेव्हा गाडी पुढे जात असताना गप्प. उभ्या गाडीत जरा बोलते. वळणावर फरक नाही. ओझं वाढवून पाहिलं, मागे तिच्या बहिणीला बसवलं. तेव्हा सतत बोलते, पण बहिणीशी. बसमध्ये बोलते, कंडक्टरशी, हे मी मागून प्रत्यक्ष पाहिलं आहे. स्वयंपाकघरात माझी पाठ असताना बोलत असावी, समोर आलो की बोलते.

यावरून तुला काय वाटतं? दोष कुठे आहे? पुढचा एक्सल तर नसेल? तिचे कान तिखट आहेत, मला न येणारा एखादा आवाज तिला येत असेल.

तुझा चक्रावलेला,
मामा

१७ ऑगस्ट

मामा,

मामीवर चाचण्या करू नका. तिला कळलं तर ती तुम्हाला जॅकवर घेईल.

पुढचा एक्सल ठणठणीत आहे. मी कुणाला तरी शब्द दिला आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. पण तुम्ही एक चाचणी करायची विसरलात, तीच, शेवटची. मामी रिव्हर्समध्ये बोलते की नाही? आणि बोलत असेल तर रिव्हर्समध्ये असं काय बदलतं, याचा गाडी सोडून विचार करा.

पान्या

२९ ऑगस्ट

पान्या,

हे पत्र फाडून टाक.

चाचणी करायची गरज नव्हती, उत्तर मला माहीत होतं. रिव्हर्समध्ये ती बोलते. रस्ता तोच, सीट तीच, बायको तीच. बदलते ती फक्त चालवणाऱ्याची मान. मान वळली की मला तिचं तोंड दिसतं. तोंड दिसलं की मला कळतं ती काय म्हणते आहे. दिसलं नाही तर कळत नाही.

मला ऐकू येत नाही, पान्या. म्हणजे बस येते ऐकू, इंजिन येतं, ते घूं तर फारच स्वच्छ यायचं. माणसांचं बोलणं मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. फोनची लाइनही चांगलीच आहे, तिला उगाच नावं ठेवली.

वर्षभर मी ते सगळं त्या बिचाऱ्या क्राउनच्या माथी मारलं. मला मनापासून वाटत होतं, किंवा वाटायला हवं होतं, की गाडी घुमते म्हणून मामीचं बोलणं कळत नाही. "शू, ऐक" म्हणायचो ते तिनं थांबावं म्हणून. ती बोलत राहिली असती तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि कशाचं द्यायचं ते ठाऊक नसायचं.

तू सामान पाठवलंस तेव्हा मला इतका आनंद झाला होता! वाटलं, आता घूं जाईल आणि खाली तिचा आवाज असेल. गाडी सुरू केली. काय सुरेख शांत चालली होती. बाजूला तिचे ओठ हलत होते आणि मला पूर्वीइतकंच ऐकू येत होतं.  मी हं म्हटलं.

आता दोष द्यायला गाडीत काही उरलेलं नाही. मी घाबरलो आहे. ऐकू येत नाही म्हटलं तर ती गाडी बंद करायला लावेल, आणि मग ते आठवड्याचं दोघांनी खाली जाणंही संपलं. नाही सांगितलं तर ती बसनंच जाणार. तिला कसं सांगू ते लिही. कुठला बोल्ट किती आवळायचा ते लिहिलं होतंस ना, तसं, पायरी पायरीनं लिही.

मामा

२० सप्टेंबर

पान्या आणि पान्याची बायको, दोघांनाही,

आता हे पत्र उघड आहे, मामांना सांगून लिहिते आहे.

तुझं उत्तर यायच्या आधीच त्यांनी सांगितलं. सकाळी अंगणात जीप काढली आणि म्हणाले, बस. मी म्हटलं, कुठे? म्हणाले, फाटकापर्यंत. गाडी रिव्हर्समध्ये टाकली, हात माझ्या सीटमागे घेतला, मान वळवली आणि हळूहळू मागे जात सगळं सांगितलं. अंगण केवढंसं आपलं. फाटक आलं तेव्हा निम्मंच झालं होतं. मग पुढे घेतली, तेवढा वेळ गप्प बसले, आणि परत रिव्हर्स टाकून उरलेलं सांगितलं.

मला आधी राग आला. असा राग आला की सांगता सोय नाही. वर्षभर मला वाटत होतं की या माणसाला माझं बोलणं नकोसं झालंय, आणि हा माणूस मनातून ते शोधत होता! मग रडू आलं. मग परत राग आला. म्हटलं, अहो, मला सांगितलं असतंत तर मी ओरडून बोलले असते. म्हणाले, "तू ओरडून बोलायला लागलीस तर मी म्हातारा झालो ना गं." काय करायचं या माणसाचं?

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बारीक पट्टीचे आवाज ऐकू येईनासे झाल्याचं सांगितलं, शब्द त्यांच्यावरूनच कळतात म्हणे. तुझ्या मामांनी त्यांना विचारलं, एखादी चकती घालून जमेल का? डॉक्टर म्हणाले यंत्र घालून जमेल, ते यायला वेळ आहे. गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले, आरसे बघत चला. तेवढंच मामांनी नीट ऐकलं.

कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी आतला आरसा, ड्रायव्हरला मागचं दाखवणारा, पिळून माझ्याकडे वळवला. आता त्यात माझं तोंड दिसतं. मागचं काही दिसत नाही. मागे काय असणार, बस आहे, आणि ती त्यांना ऐकू येते. चौकातल्या पोलिसानं थांबवलं आणि आरशाचं विचारलं. मामा म्हणाले, बाहेर दोन आरसे आहेत रस्त्यासाठी, हा घरच्यासाठी आहे. त्यानं पावतीचं पुस्तक उघडलं, परत मिटलं आणि आम्हाला जा म्हणाला.

तर मी आता पुढे जाणाऱ्या गाडीत बसते. बोलते. ते आरशात बघून उत्तरं देतात. उत्तरं देतात म्हणजे भांडतातसुद्धा. शेजारणीच्या भिंतीवरून आमचं चांगलं वाजलं. म्हटलं, बरं होतं की तेव्हा ऐकू येत नव्हतं.

काल मला लहर आली. म्हटलं बघू तरी. घाटात मी आवाज काढणं बंद केलं आणि नुसते ओठ हलवायला लागले. बहिणीचा गुडघा, पाणी येत नाही, कंडक्टरच्या मुलीचं लग्न ठरतंय, सगळं मुक्यानं. त्यांना पत्ता नाही. गुडघ्याला उत्तर दिलं, पाण्याला दिलं, लग्नाला आहेर काय करायचा ते विचारलं. मला हसू आवरेना.

मग एक गोष्ट राहिली होती. ती मी कधीच म्हटलेली नाही, आमच्या पिढीत म्हणत नसत. आवाज काढायचा नव्हता म्हणून धीर झाला. मी ती तशीच, नुसत्या ओठांनी म्हटली.

त्यांनी आरशात बघितलं. गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग पुरते माझ्याकडे वळून बसले आणि म्हणाले, "आता मोठ्यानं म्हण. मला ऐकू येत नाही."

मी मोठ्यानं म्हटलं. मागे बस येऊन थांबली होती, खिडक्या उघड्या होत्या. सगळ्या बसनं ऐकलं. ऐकू दे.

मामी